सातबारा एकाचा, वहिवाट दुसऱ्याची : परदेशी कागदी कंपन्यांविषयी वाचकांचे प्रश्न

परदेशातील कागदी कंपन्या आणि त्यांच्या आडून होणारी धनिकांची करचुकवेगिरी या विषयावर गेल्या अंकात आम्ही प्रश्न मागवले होते. वेंगुर्ल्यापासून खेडपर्यंतच्या वाचकांनी पत्रे पाठवली. त्यांतील सहा पत्रांना येथे उत्तरे देत आहे. काही पत्रांतील मजकूर घरगुती आणि नाजूक असल्यामुळे कोणाचेही नाव छापलेले नाही.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक आहे. माझ्या निवृत्तिवेतनातून कर आधी कापला जातो आणि मगच रक्कम हाती येते. परदेशी कंपन्यांची गुप्त कागदपत्रे फुटली म्हणून पनामा, पॅराडाइज, पँडोरा अशी नावे दर काही वर्षांनी वर्तमानपत्रांत येतात आणि विरून जातात. शेल कंपनी म्हणजे नेमके काय? परदेशात कंपनी काढणे हाच गुन्हा आहे का? (देवरुख)

सातबाऱ्यावर आजोबांचे नाव, चुलते मुंबईत आणि बागेची वहिवाट धाकट्या भावाकडे, ही परिस्थिती कोकणातल्या निम्म्या घरांत आहे. त्यामुळे कागदावरचा मालक आणि प्रत्यक्ष उपभोग घेणारा हे दोघे वेगळे असू शकतात, हे आपल्याला समजावून सांगावे लागत नाही. मात्र आपल्या गावात बाग खरी कोणाची हे तलाठ्यापासून गड्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक असते. आता असे गाव डोळ्यांपुढे आणा, जेथे जमिनीचा खरा मालक कोण हे तलाठ्याने विचारायचे नाही, कळले तर लिहायचे नाही आणि लिहिले तर कोणाला दाखवायचे नाही, असा कायदाच आहे. अशा गावात नाव लपवू पाहणारे लोक जगभरातून नोंदणीसाठी रांग लावतील. ब्रिटिश व्हर्जिन आयलंड्स, केमन बेटे, बहामा, सेशेल्स, पनामा या ठिकाणांनी नोंदणीच्या शुल्काच्या मोबदल्यात अनेक वर्षे हीच सोय विकली.

शेल कंपनी म्हणजे जिला कारखाना नाही, कामगार नाहीत, माल नाही आणि गिऱ्हाईकही नाही, अशी कंपनी. तिच्याजवळ नोंदणीचा दाखला, टपालाचा पत्ता आणि बहुधा एक बँक खाते एवढेच असते. ब्रिटिश व्हर्जिन आयलंड्सने १९८४ मध्ये अशा कंपन्यांसाठी खास कायदा केला. त्या बेटांची लोकसंख्या चाळीस हजारांच्या आत आहे आणि नोंदलेल्या कंपन्या तीन लाखांहून अधिक आहेत. केमन बेटांवर अग्लंड हाउस नावाची एक पाच मजली इमारत आहे. त्या एका पत्त्यावर १८,८५७ कंपन्या व संस्था नोंदलेल्या असल्याचे अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २००८ मध्ये नोंदवले होते.

एका कंपनीने भागत नाही, म्हणून थर रचले जातात. मुंबईतल्या सदनिकेची मालक एक कंपनी, तिचे भाग (शेअर) ब्रिटिश व्हर्जिन आयलंड्समधील दुसऱ्या कंपनीकडे, ती पनामातील एका प्रतिष्ठानाची, आणि प्रतिष्ठानाचा कारभार जर्सी बेटावरील विश्वस्तांकडे, अशी ही उतरंड असते. प्रत्येक थरावर संचालक म्हणून ज्याची सही असते तो बहुतेक वेळा वकिलाच्या कार्यालयातला पगारी कारकून असतो आणि अशा शेकडो कंपन्यांच्या कागदांवर त्याने सह्या केलेल्या असतात. एप्रिल २०१६ मध्ये उघड झालेली ‘पनामा पेपर्स’ ही कागदपत्रे मोझॅक फोन्सेका या पनामाच्या विधी कंपनीतील होती. ती सुमारे १ कोटी १५ लाख होती आणि त्यांत २ लाख १४ हजारांहून अधिक कंपन्या व न्यास होते. सेशेल्समध्ये तिने सांभाळलेल्या १४,०८६ कंपन्यांपैकी केवळ २०४ कंपन्यांचे खरे मालक तिला स्वतःला माहीत होते, हेही त्याच कागदपत्रांतून पुढे आले. मला या प्रकरणातला हा तपशील सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण मालक माहीत नसणे हीच ती सेवा होती.

आता गुन्ह्याविषयी. परदेशात कंपनी किंवा खाते असणे हा गुन्हा नाही. रिझर्व्ह बँकेच्या योजनेनुसार निवासी भारतीय व्यक्ती एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंतची रक्कम शिक्षण, उपचार, गुंतवणूक अशा कारणांसाठी कायदेशीरपणे बाहेर पाठवू शकते. ते उत्पन्न आणि ती मालमत्ता आपल्या विवरणपत्रात दाखवली नाही, की गुन्हा सुरू होतो. करकायद्यात दिलेली सवलत घेणे हे करनियोजन, आणि उत्पन्न लपवणे ही करचुकवेगिरी. या दोहोंच्या मधला जो पट्टा आहे त्याला ‘कर टाळणे’ म्हणतात, आणि देशोदेशीचे नामांकित वकील याच पट्ट्यात काम करतात. सर्वोच्च न्यायालयाने १९८५ च्या मॅकडॉवेल खटल्यात दिखाऊ क्लृप्त्यांना करनियोजन म्हणता येणार नाही, असे बजावले होते. पुढे २००७ मध्ये भारतातला एक प्रचंड मोबाइल व्यवसाय वोडाफोनने हचिसनकडून घेतला, तो मात्र केमन बेटांवरील एका कंपनीचा भाग खरेदी करून. व्यवसाय, ग्राहक, मनोरे सारे भारतात होते, पण विक्री कागदोपत्री बाहेर झाली. जानेवारी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की त्या वेळच्या कायद्याप्रमाणे येथे कर लागू होत नाही. संसदेने त्याच वर्षी पूर्वलक्षी दुरुस्ती केली आणि २०२१ मध्ये ती मागे घेतली. न्यायालयाचा निर्णय मान्य केलाच पाहिजे, आणि ती करचुकवेगिरी नव्हती हेही मान्य केले पाहिजे. परंतु आपल्यासारख्या निवृत्त शिक्षकाला केमन बेटांवरून निवृत्तिवेतन घेण्याची सोय नाही. त्या पट्ट्यात पाऊल टाकण्याचीच ऐपत लागते, आणि माझ्या मते या विषयातला खरा अन्याय तेथेच आहे.

प्रश्न : बँकेत पन्नास हजारांहून अधिक रोख भरायची तर आमच्याकडे पॅन मागतात. मग कोट्यवधी रुपये देशाबाहेर जातात कसे? पेट्या भरून कोणी नेत असेल असे वाटत नाही. (वेंगुर्ले)

आपला तर्क बरोबर आहे. पैसा पेटीतून क्वचितच जातो. तो बहुधा बिलातून जातो. आपण काजूच्या व्यवसायात आहात असे लिहिले आहे, म्हणून शेजारच्याच व्यवसायातले एक काल्पनिक उदाहरण घेतो. एक निर्यातदार हापूसच्या पल्पचा कंटेनर युरोपातील गिऱ्हाइकाला ५० लाखांना विकणार आहे. कागदावर तो हाच कंटेनर दुबईतल्या एका कंपनीला ३५ लाखांना विकतो. ती कंपनी त्याचीच असते, फक्त नाव दुसऱ्याचे असते. माल न्हावा-शेव्याहून थेट युरोपला जातो आणि दुबईला केवळ बिल जाते. दुबईची कंपनी खऱ्या गिऱ्हाइकाकडून ५० लाख घेते. मधले १५ लाख भारतात कधी आलेच नाहीत, त्यामुळे त्यांवर करही लागला नाही. आयातीत हेच उलट करतात : हजाराचा माल तेराशेला घेतल्याचे दाखवतात आणि वरचे तीनशे बाहेर राहतात. एका व्यवसायाच्या दोन देशांतल्या शाखांमध्येही असे भाव ठरवता येतात, म्हणून संबंधित कंपन्यांमधील व्यवहार बाजारभावानेच झाले पाहिजेत असा नियम आहे. पण कागदी कंपनीचा मालकच लपवला असेल तर हे दोघे संबंधित आहेत, हे अधिकाऱ्याने सिद्ध तरी कशावरून करावे?

बाहेर साठलेला पैसा पुष्कळदा तेथे राहतही नाही. तो ‘परदेशी गुंतवणूक’ म्हणून मायदेशी येतो आणि मानाने स्वीकारला जातो. २००० पासूनच्या एकत्रित आकड्यांत भारतातील थेट परकीय गुंतवणुकीचे सर्वांत मोठे स्रोत म्हणून मॉरिशस आणि सिंगापूर यांची नावे येतात. मॉरिशसची लोकसंख्या बारा-तेरा लाखांच्या घरात आहे, म्हणजे आपल्या रत्नागिरी जिल्ह्याहूनही कमी. एकोणिसाव्या शतकात कोकणातून करारावर मजुरीसाठी गेलेल्या माणसांचे वंशज आजही तेथे मराठी म्हणून ओळखले जातात, म्हणून त्या बेटाचे नाव या संदर्भात घेताना मला संकोच होतो. दोष तेथील उसाच्या शेतांत राबलेल्यांच्या नातवंडांचा नाही. दोष १९८२ च्या करकराराच्या रचनेत होता. मॉरिशसमधील कंपनीने भारतीय कंपनीचे भाग विकून नफा मिळवला, तर त्यावर कर लावण्याचा अधिकार त्या कराराने मॉरिशसला दिला होता आणि मॉरिशस तो कर लावत नव्हते. एकाच उत्पन्नावर दोनदा कर बसू नये म्हणून झालेल्या कराराने ते दोन्हीकडे करमुक्त केले. खऱ्या परदेशी गुंतवणूकदारांनी ही सवलत घेतली, आणि त्यांच्याच रांगेत मायदेशातून बाहेर गेलेला पैसाही उभा राहिला. सवलत घेण्यास मॉरिशसचा निवासी-दाखला पुरेसा आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये मान्य केले होते. मे २०१६ मध्ये करार बदलला आणि १ एप्रिल २०१७ पासून घेतलेल्या भागांवरील नफा भारतात करपात्र झाला. चौतीस वर्षे लागली.

प्रश्न : माझा मुलगा जहाजावर फिटर आहे. त्याच्या जहाजावर पनामाचा ध्वज आहे. वाडीतले एक गृहस्थ म्हणाले, की पनामाचा पैसा म्हणजे काळा पैसा. तेव्हापासून माझ्या जिवाला घोर लागला आहे. त्यातच त्याचा एजंट बाहेरच्या देशात खाते उघड म्हणून मागे लागला आहे. आम्ही काय करावे? (गुहागर तालुका)

आपल्या मुलाचा पगार स्वच्छ आहे. बाकीचे सारे वाचण्याआधी आपण एवढे मनाशी पक्के करावे.

समुद्रावर जाणाऱ्या नाविकाने आर्थिक वर्षात १८२ दिवसांपेक्षा कमी काळ भारतात घालवला, तर तो साधारणपणे अनिवासी ठरतो. परदेशी जाणाऱ्या जहाजावरील कामाचा त्याचा पगार भारतातील एनआरई (अनिवासी भारतीयांसाठीच्या) खात्यात जमा झाला, तर केवळ तेथे जमा झाला म्हणून तो येथे करपात्र होत नाही, असे केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने २०१७ मध्ये परिपत्रक काढून स्पष्ट केले आहे. जहाजावरचा ध्वज भारताचा असो वा परदेशी, ही सवलत तीच राहते. ही करचुकवेगिरी नव्हे. कायद्यानेच दिलेली सवलत आहे. मात्र दिवसांचा हिशेब चोख हवा. सीडीसीवरील, म्हणजे नाविकाच्या नोंदपुस्तिकेवरील, चढल्या-उतरल्याचे शिक्के, करारपत्र आणि पगाराच्या पावत्या यांची फाइल घरी ठेवावी. गावाकडे मिळणारे व्याज किंवा भाडे करपात्र असेल, तर त्याचे विवरणपत्र वेगळे भरावे.

एजंट सांगतो त्या परदेशी खात्याची आपल्याला गरज नाही. आपल्या नेहमीच्या बँकेचे एनआरई खाते पुरेसे आहे. अनिवासी असताना बाहेर खाते उघडणे हा गुन्हा नाही, पण पुढे कधी आपला मुलगा घरी स्थिरावला आणि नियमांनुसार सर्वसाधारण निवासी झाला, की ते खाते दरवर्षी विवरणपत्रात दाखवणे बंधनकारक होते, आणि अशी खाती विसरली जातात. पगारातून काही वळते करून घेण्यासाठी एजंट हे सुचवत असेल, अशीही शंका मला येते.

राहिला पनामाचा ध्वज. वाडीतले गृहस्थ आपल्या मुलाविषयी चुकले, पण त्यांनी जोडलेली दोन टोके खरोखरच जोडलेली आहेत, हे सांगितले पाहिजे. १९२० च्या दशकात अमेरिकी जहाजमालकांनी मायदेशातील मजुरीचे नियम आणि दारूबंदी टाळण्यासाठी आपली जहाजे पनामात नोंदवायला सुरुवात केली, आणि १९२७ मध्ये पनामाने परक्यांना सहज कंपनी काढता येईल असा कायदा केला. दोन्हींमागची कल्पना एकच होती : मालकाचा देश वेगळा, कागदाचा देश वेगळा. आज पनामा, लायबेरिया आणि मार्शल बेटे यांच्या ध्वजाखाली जगातल्या जहाजांचा फार मोठा हिस्सा चालतो. अनेक जहाजांची मालकी तर त्या एका जहाजापुरत्या काढलेल्या कंपनीकडे असते, जेणेकरून एका जहाजाचे कर्ज किंवा अपघाताची भरपाई मालकाच्या दुसऱ्या जहाजापर्यंत पोहोचू नये.

कर चुकवणे हे यातले एक नुकसान झाले. दुसरे नुकसान आपल्या दारात येते. मालक बुडाला किंवा त्याने हात वर केले, तर परक्या बंदरात अडकलेल्या खलाशांनी पगार मागायचा कोणाकडे? कंपनीच्या नावावर असते ते एक गंजके जहाज आणि त्यावरही बँकेचा बोजा. किनाऱ्याचेही तसेच होते. ऑगस्ट २०११ मध्ये मुंबईपासून काही सागरी मैलांवर बुडालेले ‘रॅक’ हे कोळशाचे जहाज पनामाच्या ध्वजाखालचे होते, आणि त्यातून तेल पसरले. जहाजाशी संबंधित परदेशी कंपन्यांवर राष्ट्रीय हरित लवादाने १०० कोटी रुपयांची भरपाई बसवली ती २०१६ मध्ये, म्हणजे पाच वर्षांनी.

म्हणून आपण मुलाला दोन गोष्टी पाहायला सांगाव्यात. त्याला पाठवणाऱ्या एजन्सीकडे नौवहन महासंचालनालयाचा आरपीएसएल, म्हणजे खलाशी भरतीचा, परवाना आहे का, ही पहिली. दुसरी म्हणजे खलाशांना वाऱ्यावर सोडले गेल्यास घरी आणण्याचा खर्च आणि चार महिन्यांपर्यंतचा थकीत पगार देणाऱ्या विम्याचे प्रमाणपत्र. आंतरराष्ट्रीय सागरी कामगार कराराच्या २०१७ पासून लागू झालेल्या तरतुदीनुसार ते जहाजावर सर्वांना दिसेल असे लावलेले असले पाहिजे. मालक कोण हे त्याला कळले नाही तरी विमा कोणाचा हे कळले पाहिजे.

प्रश्न : मी विधी शाखेचा विद्यार्थी आहे. एवढी कागदपत्रे फुटली, भारतीयांची शेकडो नावे आली. पुढे काय झाले? काही बदलले का? (रत्नागिरी)

आधी आकडे देतो. पनामा आणि पॅराडाइज या दोन्ही प्रकरणांत भारताशी संबंधित ९३० व्यक्ती व संस्थांच्या बाबतीत २०,३५३ कोटी रुपयांच्या अघोषित रकमा आढळल्या, असे सरकारने डिसेंबर २०२१ मध्ये संसदेत सांगितले. त्याच उत्तरात तोवर वसूल झालेल्या कराचा आकडा होता १५३.८८ कोटी. आढळलेली सगळी रक्कम म्हणजे कर नव्हे आणि प्रकरणे वर्षानुवर्षे चालतात, हे मला मान्य आहे. तरीही हे दोन आकडे शेजारी ठेवले की अस्वस्थ व्हायला होते.

पनामात तर शेवट आणखी निराश करणारा झाला. मोझॅक फोन्सेका २०१८ मध्ये बंद पडली, पण तिच्या संस्थापकांसह २८ आरोपींना तेथील न्यायालयाने जून २०२४ मध्ये निर्दोष सोडले. फुटलेली कागदपत्रे पुरावा म्हणून टिकली नाहीत. तिकडे आइसलँडच्या पंतप्रधानांना एप्रिल २०१६ मध्ये काही दिवसांतच पद सोडावे लागले होते. माल्टातील पत्रकार डॅफ्नी कारुआना गालिझिया यांनी आपल्या देशातील सत्ताधाऱ्यांच्या पनामातील कंपन्यांविषयी लिहिले होते. ऑक्टोबर २०१७ मध्ये त्यांच्या मोटारीत बॉम्ब ठेवून त्यांचा खून करण्यात आला. आपण विधी शाखेचे आहात, म्हणून हे नाव आपल्या लक्षात राहावे अशी माझी इच्छा आहे.

भारतात कायदा मात्र खरोखरच कडक झाला. २०१५ च्या काळा पैसा कायद्याप्रमाणे अघोषित परदेशी मालमत्तेवर ३० टक्के कर, त्याच्या तिप्पट दंड, आणि जाणूनबुजून चुकवेगिरी केल्यास तीन ते दहा वर्षांचा सश्रम कारावास आहे. म्हणजे मालमत्तेच्या किमतीपेक्षा भुर्दंड मोठा. त्यापूर्वी १ जुलै ते ३० सप्टेंबर २०१५ या काळात स्वतःहून जाहीर करण्याची संधी दिली, तेव्हा सुमारे साडेसहाशे जणांनी ४,१०० कोटींहून अधिक मालमत्ता जाहीर केली. एवढ्या मोठ्या देशात साडेसहाशे!

माझ्या मते सर्वांत मोठा फरक पडला तो देशांनी एकमेकांना खात्यांची माहिती आपोआप द्यायला सुरुवात केल्यामुळे. भारत या व्यवस्थेत २०१७ पासून आहे आणि आता शंभराहून अधिक देश व प्रदेश तीत आहेत. अमेरिका तीत नाही. तिच्याशी आपला वेगळा करार आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये आयकर विभागाने या माहितीच्या आधारे लोकांना केवळ संदेश पाठवले, की आपली परदेशी मालमत्ता विवरणपत्रात दाखवली आहे का ते तपासा. त्यानंतर २४,६७८ करदात्यांनी विवरणपत्रे पुन्हा तपासली आणि एकूण २९,२०८ कोटींची परदेशी मालमत्ता दाखवली गेली. धाडी न घालता हे झाले. अधिकाऱ्याला ठाऊक आहे हे समोरच्याला ठाऊक असणे, एवढ्याने काय होते पाहा.

परंतु ही देवाणघेवाण बँक खात्यांची आहे. लंडनमधील घर किंवा तिजोरीतले चित्र त्यात दिसत नाही, आणि खात्यामागची कंपनी खरी कोणाची हे बँकेने नीट शोधले नसेल तर खातेही दिसत नाही. म्हणून खऱ्या मालकांची खुली नोंदवही हवी. ब्रिटनने स्वतःच्या कंपन्यांसाठी ती २०१६ मध्ये सुरू केली. युरोपीय महासंघात ती सर्वांना पाहता येत होती, पण खासगीपणाच्या मुद्द्यावर तेथील न्यायालयाने नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वसामान्यांचा प्रवेश रद्द ठरवला. अमेरिकेने असा कायदा केला आणि मार्च २०२५ मध्ये स्वतःच्या देशातील कंपन्यांना त्यातून वगळले. आपल्या कंपनी कायद्याच्या कलम ९० प्रमाणे दहा टक्के वा अधिक खरा हितसंबंध असलेल्या व्यक्तीने २०१८ च्या नियमांनुसार तो जाहीर करायचा असतो. कलम चांगले आहे. आपण वकील झालात की ते वापरून पाहावे. न वापरलेले कलम हे वापरात नसलेल्या पायवाटेसारखे बुजून जाते.

प्रश्न : आमच्या गावातील सड्यावरची मोठी जमीन एका अपरिचित कंपनीने आणि काही बाहेरच्या ‘शेतकऱ्यांनी’ घेतली आहे. खरा मालक कोण हे शोधता येईल का? (दापोली तालुका)

काही अंतरापर्यंत येईल. सातबारा आणि फेरफार ऑनलाइन पाहावेत, खरेदीखताची नक्कल दुय्यम निबंधक कार्यालयातून शुल्क भरून घ्यावी, आणि कंपनीचे संचालक कोण हे कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर पाहावे. भागधारक परदेशी कंपनी निघाली, तर आपली वाट तेथे संपते आणि आयकर खात्याची सुरू होते.

१९४८ च्या कूळकायद्यातील कलम ६३ प्रमाणे बिगरशेतकऱ्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. औद्योगिक वापरासारखे काही अपवाद आहेत. या अटीमुळेच शेतकरी दाखला असलेल्या माणसाचे नाव वापरण्याचा मोह होतो. पैसे एकाचे आणि नाव दुसऱ्याचे असेल, तर तो १ नोव्हेंबर २०१६ पासून कडक झालेल्या बेनामी कायद्याखालचा गुन्हा ठरू शकतो. त्यात एक ते सात वर्षांचा सश्रम कारावास आणि बाजारभावाच्या पंचवीस टक्क्यांपर्यंत दंड आहे, आणि तो नाव देणाऱ्यालाही लागू होतो. गावातल्या कोणी थोड्या पैशांसाठी आपला दाखला दिला असेल, तर त्याला हे वाक्य आवर्जून वाचून दाखवावे. आयकर विभागाच्या बेनामी प्रतिबंध शाखेकडे माहिती देता येते. २०१८ च्या योजनेनुसार खऱ्या ठरलेल्या माहितीसाठी एक कोटीपर्यंत बक्षीस आहे आणि माहिती देणाऱ्याची ओळख गुप्त ठेवली जाते. मात्र नुसत्या संशयावरून कोणावर आरोप करू नये. आधी नकला हातात घ्याव्यात.

प्रश्न : माझा भाचा दुबईत एका दुकानात स्टोअरकीपर आहे. मालकाने त्याला नव्या कंपनीत भागीदार व संचालक म्हणून सही करायला सांगितले आहे. काम काही नाही, दरमहा वेगळे पैसे मिळतील. पासपोर्टची प्रत त्याने दिली आहे, सही अजून केलेली नाही. घरच्यांना हा मान वाटतो आहे. मला भीती वाटते. (खेड)

आपली भीती योग्य आहे. त्याने सही करू नये.

वर पल्पच्या उदाहरणात दुबईची जी कंपनी आली, तिच्यावर ‘नाव दुसऱ्याचे’ असते असे लिहिले होते. तो दुसरा म्हणजे आपला भाचा. काही वर्षांपूर्वी आखातातून परतलेले एक गृहस्थ माझ्याकडे आले होते. तेथे ते स्वयंपाकी होते. मालकावरच्या विश्वासाने त्यांनी सह्या केल्या होत्या, कोऱ्या धनादेशांवरसुद्धा, आणि ज्या कंपनीचे ते संचालक होते तिचा व्यवसाय काय हे त्यांना सांगता येत नव्हते. नोटीस मालकाला आली नाही, त्यांना आली. तो इंग्रजी कागद त्यांनी माझ्यापुढे ठेवला तेव्हा त्यांचे हात थरथरत होते, हे मी विसरलेलो नाही.

संयुक्त अरब अमिरातीत आता नियम सैल राहिलेले नाहीत. खऱ्या मालकाची नोंद ठेवण्याचे नियम तेथे २०२० पासून आहेत, जून २०२३ पासून कंपन्यांवर नऊ टक्के कर आला आहे, आणि काळ्या पैशाविरुद्धच्या आंतरराष्ट्रीय कृती दलाने त्या देशाला २०२२ ते फेब्रुवारी २०२४ पर्यंत करड्या, म्हणजे विशेष देखरेखीच्या, यादीत ठेवले होते. अशा वेळी यंत्रणा कागदावरच्या माणसाला आधी बोलावतात. तो सांगेल की मी फक्त सही केली, आणि तीच त्याच्याविरुद्धची कबुली ठरेल.

घरी परतल्यावरही हे सुटत नाही. तो भारतात सर्वसाधारण निवासी झाला, की परदेशी कंपनीतील भाग आणि ज्या परदेशी खात्यावर केवळ सहीचा अधिकार आहे तेही विवरणपत्रात दाखवावे लागते. न दाखवल्यास दहा लाखांचा दंड आहे. ऑक्टोबर २०२४ पासून वीस लाखांपर्यंतच्या स्थावर नसलेल्या मालमत्तेला त्यातून सूट मिळाली, पण मालकाने त्या खात्यातून किती फिरवले आहे, हे भाच्याला कसे कळणार?

नकार देताना मालकाशी वाद घालण्याचे कारण नाही. नोकरी त्याची आहे आणि व्हिसाही. ‘घरी मामांना विचारले, ते नको म्हणाले’ एवढे त्याने सांगावे, दोष आपण आपल्याकडे घ्यावा. पासपोर्टची प्रत केवळ नोकरीच्या कामासाठी दिली आहे आणि कोणत्याही कंपनीत नाव घालण्यास माझी संमती नाही, असा संदेश त्याने मालकाला लेखी, म्हणजे निदान ईमेलवर पाठवावा आणि त्याची एक प्रत आपल्याकडे खेडला ठेवावी. त्याचे नाव आधीच कोणत्या परवान्यावर चढले आहे का, हे तेथील नोंदणी कार्यालयात किंवा सरकारी अर्ज भरून देणाऱ्या एखाद्या परवानाधारक टायपिंग सेंटरमार्फत तपासता येते. नाव चढलेले आढळले तर नुसता राजीनामा पुरेसा नाही. परवान्यातून नाव कमी झाल्याचा दाखला हाती येईपर्यंत त्याने ते शहर सोडू नये.